मऊ हा शब्द नाही

त्या हिवाळ्यात तिब्लिसीत वीज दिवसाला तासभर यायची,
तीही पहाटे तीनला, चोरासारखी.
वनस्पतिसंग्रहालयात आम्ही दोघीच उरलो होतो,
त्सियालाबाई आणि मी,
आणि कपाटांतली दाबलेली, वाळवलेली,
कागदावर दोऱ्याने शिवलेली पानं.
शेगडीत आधी खुर्च्या गेल्या, मग खोकी, मग एका दाराची चौकट.
कागदाला कुणी हात लावला नाही.

शिकायला उजेड कशाला हवा, त्या म्हणाल्या,
आणि माझ्या तळहातावर एक पान ठेवलं.
"काय आहे?"
"मऊ."
"मऊ हा शब्द नाही. मऊ उशी असते.
बोट उलटं फिरव, टोकाकडून देठाकडे.
केस आडवे पडलेत की उभे? सुटे की गुंतलेले?"
गारठलेलं बोट, त्याला सगळंच राठ.
"गुंतलेले."
"मग लोकरी म्हण. आडवे असते तर रेशमी.
आणि केसच नसतील तर?"
"गुळगुळीत."
"गुळगुळीत काच असते. पान केशहीन असतं."

असा महिना गेला.
करवती कडेचे दात टोकाकडे झुकतात,
दंतुर कडेचे सरळ बाहेर बघतात, भांडायला आल्यासारखे.
देठ नसलेलं पान अवृंत, खोडालाच चिकटून बसतं,
आमच्या वाजासारखं, त्या एकदाच हसल्या,
दहा वर्षांचा होईतो माझा कोट धरून चालायचा.
खसखशीची निदलं शीघ्रपाती:
फूल उघडतं त्याच क्षणी गळून जातात,
म्हणून नमुन्यावर सापडत नाहीत.
सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही.
हे वहीत लिही.

वाजा समुद्राकडच्या लढाईत होता.
सप्टेंबरपासून पत्र नव्हतं.
पावाच्या रांगेत बायका म्हणायच्या, गेला.
म्हणायच्या, हरवला.
बाई त्यांच्याकडे अशा बघायच्या
जसं कुणी पानाला मऊ म्हटलंय.

फेब्रुवारीत इस्पितळातून बोलावणं आलं.
पायी गेल्या, दुपारी परतल्या, हातमोजे शेगडीवर वाळत घातले.
"ओळख पटली नाही,"
फूल-फळ नसलेल्या नमुन्यावर म्हणायच्या त्याच आवाजात.
मग उंची सांगितली. बुटांचा रंग. उजव्या हाताची नखं.
एकही विशेषण सैल नव्हतं.
मी विचारलं नाही, की तो नव्हता,
की सांगता येत नव्हतं.
आमच्या शास्त्रात हे दोन वेगळे शेरे आहेत.

संध्याकाळी चढावरून घरी जाताना ओक लागला.
पानं सगळी तपकिरी, कडक, आणि फांदीवरच.
वाऱ्यात कागदासारखी वाजत होती.
त्यांनी माझं मनगट धरून बोटं एका पानावर टेकवली.
"काय आहे?"
"मेलेलं पान." मी दमले होते, भूक लागली होती.
"मेलेलं गळतं.
हे शुष्कस्थायी. वाळतं, पण फांदी सोडत नाही."
"कधीपर्यंत?"
त्या पुढे चालू लागल्या होत्या.
बर्फात त्यांचा काळा कोट, मागे कुणी न धरलेला.

आता दिवे दिवसभर असतात. किल्ल्या माझ्याकडे आहेत.
परवा खालच्या कप्प्यात एक कागद निघाला,
एकच पान, ओबडधोबड चिकटवलेलं, डिंकाचे डाग.
चिठ्ठी बाईंच्या अक्षरात, इतर सगळ्यांसारखीच काटेकोर:
ठिकाण, शाळेमागचा उतार. उंची, पाचशे दहा मीटर.
गोळा करणारा, वाजा, वय वर्षं आठ.
ओळख पटवणारा, यापुढची ओळ कोरी.

पान ओकचं आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.
मी पेन्सिल घेतली, टोक केलं,
आणि बराच वेळ
पानाच्या पाठीवरून बोट उलटं फिरवत राहिले.