येणे बाकी

मला पोहता येत नाही.
पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.
खल्फान म्हणाला, रेडिओला पोहावं लागत नाही.

दिवसा मी उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात
एका रंगाच्या कंपनीचे हिशेब लिहिते.
गुरुवारी रात्री खाडीकाठच्या पत्र्याच्या खोलीत
कानांवर हेडफोन, पुढ्यात वही,
थर्मासात पुदिना घातलेली सुलेमानी.
इथे पगार कुणालाच नाही. डिझेल वर्गणीतून,
आणि वर्गणीचा हिशेबही माझ्याच गळ्यात.

बोटीचं नाव दोन.
एक कुठे गेली ते विचारायचं नाही.

शमाल सुटला की आधी वाळू येते,
दाराच्या फटीतून, वहीच्या शिवणीत, दातांत.
मग समुद्र.
इथला समुद्र उथळ, म्हणून लाट आखूड आणि तापट,
एकीतून मान वर काढावी तोवर दुसरी अंगावर.
हे रोडेलनं सांगितलेलं. मी फक्त ऐकते.
लाटेचा आवाज रेडिओत नीट पोचत नाही,
पोचतो तो माणसाचा दम.

पावणेदोनला नांगर तुटलेलं तेलवाहू जहाज.
नऊ माणसं. मालकानं फोन उचलणं सोडलेलं,
वीज नाही, तांदूळ शेजारच्या जहाजाकडून उसने,
आणि आता आडवं होऊन बंधाऱ्याच्या दगडांकडे सरकतंय.
खल्फान, रोडेल, टायरवाला शिबू,
आणि पीरबख्श, ज्याला सकाळी सहाला
मजुरांची बस काढायची होती.
मी वेळ लिहिली. एक छप्पन.

यानंतर वहीत बराच वेळ काही नाही.
एका जागी पेन टेकून राहिल्याचा
निळा ठिपका आहे, मागच्या पानापर्यंत उतरलेला.

एक उतरला. दोन. पाच.
शिबू ओरडून मोजत होता, मल्याळीत,
घाईत माणूस आईच्याच भाषेत मोजतो.
आठ.
मग नुसती खरखर.
नववा येत नाही, खल्फान म्हणाला.
शिडीच्या वर उभा आहे. हातात फाइल आहे.

तो जहाजाच्या रेडिओवरून हिंदीत सांगत होता,
अकरा महिने, मॅडम,
उतरलो तर मालक म्हणेल पळून गेले,
आणि त्या हिंदीच्या खालून
सुकतीला खडक उघडा पडावा तसा
एक हेल वर आला.
मी विचारलं, खयचो रे तू?

रेडिओ गप्प.
मग, मिठमुंबरीचो.

जहाज सोडलंय काय पगार गेलो, तो म्हणाला.
कागद आसत माझ्याकडे. सगळे आसत.

समजुतीची वाक्यं भिंतीवर होती,
इंग्रजीत, प्लास्टिकच्या कागदात.
माझं लक्ष तिकडे गेलंच नाही.
मी हिशेबनीस. बुडीत खातं मला ठाऊक.
पगार बुडालो तर बुडांदे, म्हटलं,
तू बुडा नको.
फाइल शर्टात घाल. बटणां लाव. उडी मार.

किती वेळ गेला ते लिहायला हवं होतं.

ओन्पतु, शिबू ओरडला.

पहाटे धक्क्यावर नऊजण चंदेरी कागदात गुंडाळलेले,
मिठाईच्या दुकानातल्यासारखे.
पीरबख्श ओल्या पँटनिशीच बसकडे गेला.
मिठमुंबरीचा माणूस आवाजापेक्षा बराच लहान निघाला.
खल्फानच्या पिकअपच्या गरम बॉनेटवर
तो एकेक पान पसरत होता,
शाई पसरलेली, सह्या तेवढ्या शाबूत.
मान वर न करता त्यानं विचारलं,
हंय झेरॉक्स खय गावतली?

वहीत छापील रकाने चार:
वेळ, ठिकाण, माणसं, इंधन.
माणसं नऊ. इंधन एकशे दहा लिटर.
पाचवा मी पट्टीनं आखला,
वर लिहिलं, येणे.
अकरा महिने, गुणिले नऊ.
पुढे आकडा मांडता येईना.
दरमहा किती, ते विचारायला
परत धक्क्यावर गेले.