लुकलुक

केमीत डिसेंबरात दिवेलागण दुपारी दोनला होते.
त्या सुमारास आउलिक्की दुकानात आली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला जुना दिवा घेऊन:
पिळदार नळीचा, बुडाशी काळवंडलेला.
'लुकलुकतो,' म्हणाली. 'अकरा वर्षं निमूट जळला,
आता जेवताना कपाची सावली थरथरते भिंतीवर.'

मी नेहमीचं सांगितलं, पाठ झालेलं:
वॅट विसरा, ल्युमेन बघा.
आठशे म्हणजे तुमचा पूर्वीचा साठचा पिवळा.
खोक्यावर सत्तावीसशे असेल तर लोण्यासारखा उजेड,
चार हजार म्हणजे दवाखाना.
आटा मोठा की बारीक? शेडमध्ये मावेल ना?
आणि हा लगेच लागतो,
मिनिटभर ताटकळवत नाही.
ती हसली. 'ताइस्तो म्हणतो, त्या मिनिटात
माणूस डोळे चोळून घेतो, चेहरा नीट करतो.'
ताइस्तो बाहेर गाडीत होता. इंजिन चालू,
काचेवर वाफ.
जुना दिवा मी पाऱ्यावाल्यांच्या पेटीत अलगद ठेवला.
मोजा तिनं परत घेतला, घडी घातली.

आठवड्यानं पुन्हा.
'हाही लुकलुकतो.'
मी काउंटरवर दिवा लावला, फोनचा कॅमेरा समोर धरला;
दिवा खोटा असला की पडद्यावर पट्टे सरकतात.
एकही पट्टा नाही.
उजेड गोठलेल्या खाडीसारखा सपाट.
'इथे नाही हलत,' मी म्हणालो.
'घरी हलतो.'
'मग होल्डर सैल असेल.'
'होल्डर ताइस्तोनं बसवलाय,' ती जरा तोऱ्यात म्हणाली,
'कागद गिरणीत चौतीस वर्षं, सूतभर फरक नाही, त्याचा हात म्हणजे'
आणि वाक्य तिथेच ठेवून
हातमोजे शोधू लागली. हातातच होते.

मी दुसरा दिला, महागातला, वरचे पैसे न घेता.
पेंटी म्हणाला, धडधाकट दिवा कशाला बदलून देतोस?
काय सांगणार होतो?
पहिल्यांदा मलाही होल्डरच दिसला होता.
रात्री घरी चहा ढवळताना
माझ्या कपाच्या सावलीकडे बघत राहिलो.
हलली नाही.
हात अजून बत्तीस वर्षांचा आहे.

तिसऱ्या खेपेला ती तक्रार घेऊन आली नाही.
ताइस्तो बरोबर होता. उंच,
टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली,
पाखरू धरावं तशी.
ती फळीसमोर उभी राहून
खोक्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचत होती.
आता तिला सगळं येत होतं, ल्युमेन, आटा, रंग;
एका तरुण जोडप्याला तिनंच सांगितलं,
न्हाणीघरात चार हजारचा लावू नका,
सकाळी एकमेकांकडे बघवणार नाही.
मग मला विचारलं, त्याच्याकडे न वळता,
'असा आहे का, ज्याची सावली पडत नाही?'

तसा कुठेच नसतो.
पण दुधी काचेचा मोठा गोळा होता वरच्या फळीवर,
त्याचा उजेड कुठून आला ते कळत नाही.
सावली पडते, तिला कडा नसते.
टेबलावर पुसून घेतलेल्या पाण्याएवढीच ती उरते.
'हा,' ती म्हणाली. 'स्वयंपाकघरात हाच.'

'केवढ्याला हा,' ताइस्तो म्हणाला. आणि मग,
बऱ्याच वेळानं,
'दिवा हलत नव्हता गं.'
'ठाऊक आहे,' ती म्हणाली,
आणि पैसे काढायला पाकीट त्याच्याच हातात दिलं.

नाणी काउंटरवर यायला वेळ लागला.
एक घरंगळत गेलं, ते जोडप्यातल्या मुलीनं पायाखाली अडवलं.
मागे रांग होती. पेंटी खाकरला.
मी खोकं कागदात गुंडाळलं, गरज नसताना दोरीही बांधली,
जुना दिवा पुरता उजळायला
जेवढा वेळ घ्यायचा,
तेवढा घेत.