बिन

दांडिया बाजारात, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
दर गुरुवारी साडेपाचला आमचं कुलवृत्त मंडळ भरतं.
आम्ही अकराजण. सरासरी वय एकोणसत्तर.
पंखा एक, रणसिंगबाईंच्या डोक्यावर,
आणि कागद उडतात म्हणून तोही बंद.

पहिल्या दिवशी निंबाळे म्हणाले
(वीज मंडळातून निवृत्त, आवाज अजून मीटर वाचल्यासारखा)
"आधी जिवंत माणसं संपवा."
मी दचकलो.
म्हणजे आत्याला फोन करा, सुरतेच्या चुलतभावाला गाठा,
लग्नाचे फोटो पालथे करून मागची शाई वाचा.
मेलेले कुठे जात नाहीत.

मग मोडी.
आधी रेघ ओढायची, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता.
ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही.
माझ्या शुद्धलेखनाला आयुष्यात पहिल्यांदा
कुणी काही बोललं नाही.

सगळ्यांत भरभर वाचते हंसाबेन.
माहेरची पटेल, सासर पागनीस.
सासू गेल्यावर ट्रंकेत गठ्ठा निघाला,
नवरा म्हणाला, पस्तीत टाक.
ती म्हणाली, "वांच्या वगर?"

आमच्या घरी सांगत आलेत,
मूळपुरुष साताऱ्याकडून आला, घोड्यावर, कमरेला तलवार.
तलवार कुणी पाहिली नाही.
घोडा वडिलांच्या प्रत्येक सांगण्यात रंग बदलायचा.
आडनाव पिलखाने. त्याचा अर्थ
कुणी विचारला नाही, मीही नाही.

चौदाव्या गुरुवारी,
दफ्तरातून आणलेल्या नकलेवर हंसाबेनचं बोट थांबलं.
सन इसन्ने सबैन मयातैन व अलफ.
दोन, सत्तर, दोनशे, हजार.
"आधी शेपूट," ती म्हणाली, "मग हत्ती."
आणि खरंच हत्ती.

चंद्रकळा हत्तीण, उमर एकोणीस.
तिची आई मोतीकळा, तिची आई बिजली.
डाव्या कानास भोक.
रोजचा खुराक रोट दहा शेर, गूळ दोन शेर, तूप पाव शेर.
खाली 'रखमाजी बिन'
आणि तिथे कसर लागलेली.
किड्याने नेमका बाप खाल्ला.
पुढे 'पिलखाना, याजकडे खुराकापैकी गूळ सव्वा शेर कमी.
दंड आठ आणे. समज दिली.'

हत्तिणीच्या तीन पिढ्या.
आमची एक, तीही चोरीपायी.

खोली हसली. निंबाळे नाही हसले.
"नशीबवान आहात," म्हणाले.
त्यांचे पणजोबा म्हणे बत्तीस वर्षं कचेरीत
वेळेवर आले, वेळेवर गेले.
एका ओळीत सापडत नाहीत.

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, हे मला इथे कळलं.
तोवर मला एकच बिन ठाऊक होता, बिनसाखरेच्या चहातला.
तो मी अकरा वर्षं पितोय. वडीलही प्यायचे,
आणि रात्री फळीवरच्या डब्याचं झाकण
अगदी हळू वाजायचं.
सकाळी आई डब्यात बोट घालून
गूळ किती उतरला ते बघायची.
बोलायची नाही.

रात्री आत्याला फोन केला. वय ब्याण्णव, कान एकच चालतो.
"तलवारीचं काय?"
सापडली नाही, म्हटलं. गूळ सापडला.
ती एवढा वेळ गप्प की मला वाटलं फोन कटला.
मग म्हणाली, "किती होता?"
सव्वा शेर.
"मग घरी बाळंतीण असणार रे.
डिंकाच्या लाडवांना तेवढाच लागतो."

मी तक्ता पुन्हा पसरला.
रखमाजीच्या वरचा चौकोन रिकामाच ठेवला.
खाली एक नवा काढला, पेन्सिलने,
आणि लिहिलं 'बिन रखमाजी'.
मुलगा की मुलगी, माहीत नाही.
'बिन'च्या आधी
बोटभर जागा सोडली.