आठवडा क्रमांक बत्तीस

पेट्रोल पंपावर चिठ्ठीवर नाव लिहिलं होतं,
विसरूनही गेलो होतो.
मग फोन आला : अभिनंदन सर,
संभाजीनगरला हॉटेलात या, जोडीनंच या,
नव्वद मिनिटं बसा, गिफ्ट घेऊन जा.

कुशावर्तानं भाचीच्या लग्नातली साडी काढली.
जालन्याहून दीड तासाची एसटी,
खिडकी तिनं मला दिली, केस विस्कटतात म्हणून.

हॉलमध्ये एसी एवढा
की ती दोन्ही खांद्यांवर पदर ओढून बसली.
स्वप्नजित नावाचा पोरगा, टाय लावलेला.
पडद्यावर डोंगर, तलाव, पांढऱ्या चादरी.
घर नाही घ्यायचं सर, आठवडा घ्यायचा.
वर्षाला एक, पंचवीस वर्षं.
लाल हंगाम महाग, निळा स्वस्त,
तुम्हाला निळ्यातला बघू, क्रमांक बत्तीस,
म्हणजे ऑगस्टातला.
मी मनात हिशेब केला :
पंचवीस आठवडे म्हणजे सहा महिनेही भरत नाहीत,
आणि शेवटच्याला मी एकाहत्तर वर्षांचा.

कुशावर्तानं एकच विचारलं,
"तिथं भांडी कोण घासतं?"
"तुम्ही नाही मॅडम."
ती गप्प झाली.
मग माझ्या कोपराला बोट लावून म्हणाली,
"घ्या."

मी सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे माल.
तेवीस वर्षांत माझ्या पावतीवर कुणी बोट ठेवलं नाही.
त्या दिवशी पॅन नंबर टाकून माझंच वजन झालं :
पाचशे ब्याऐंशी.
स्वप्नजितनं स्क्रीन जरा स्वतःकडे वळवली,
डॉक्टर रिपोर्ट वळवतात तशी.

कारण मला ठाऊक होतं.
मेव्हण्याच्या पोराचा मोबाइल, माझ्या नावावर, झिरो टक्के.
कारखाना बंद होता त्या साली चार हप्ते तुंबले.
वसुलीवाल्याशी बोलून अर्ध्यात मिटवलं,
पेढे आणले होते मी त्या दिवशी.
आता कळलं, कागदावर त्याला 'सेटल्ड' म्हणतात,
आणि ते गोंदणासारखं
कितीही घासलं तरी जात नाही.

"मार्ग आहे सर. एक कंपनी सव्वीस टक्क्यांनी देते.
नाहीतर मॅडमच्या नावावर बघू."
मॅडमचं बघितलं. उणे एक.
"यांचा इतिहासच नाही."
एकोणीस वर्षं अकरा बायांची भिशी चालवते ती,
वही गव्हाच्या डब्यात,
एक रुपया इकडचा तिकडे नाही.
सांगितलं तिनं. तो हसला, चांगलं हसला,
पण हे लिहायला त्याच्याकडे रकाना नव्हता.

सव्वीस टक्केवाल्याचाही नकार आला, मेसेजनं.
नव्वदपैकी सत्तरच मिनिटं झाली होती.
शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजल्या,
कुणीतरी लाल हंगाम घेतला.
आम्हाला कॅसरोल मिळाला. त्याचं झाकण बसत नव्हतं.
येताना ती तो मांडीवर घेऊन बसली,
बदनापूर येईपर्यंत झाकण फिरवून फिरवून बघत.

ऑगस्टात एका सोमवारी जेवण झाल्यावर
ती चटईवरून उठलीच नाही.
"आजपासून बत्तिसावा आठवडा. मपला."
मी म्हटलं, बरं.
कढई काही जमेना.
राख घेऊ का लिक्विड, आतून विचारलं,
ती म्हणाली,
"हाटेलवाले गिऱ्हाइकाला विचारत नसतेत."

दोन दिवस निभावले.
तिसऱ्या रात्री अडीचला नळ आला, अकरा दिवसांनी.
गल्लीभर कळशा वाजायला लागल्या,
आणि मी चप्पल शोधेपर्यंत
ती पाइप ड्रमात सोडून पायरीवर बसलेली.
"मोडला का गं आठवडा?"
"वाया नाही जात म्हणे. तो पोरगा म्हणला होता,
नाही वापरला तर पुढच्या साली दोन."
मग उठून तिनं
पाइप दुसऱ्या ड्रमात टाकला.