दुसऱ्या पानावर

रुवीत शुक्रवारी सकाळी
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं,
खिडकीत तपकिरी डोंगर, औषधालाही झाड नाही,
आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर
तस्कीन परकार मराठी वाचते. आठवीची.
'ळ'पाशी आली की पाय घसरतो अजून.

कथा एका पोस्टमनची.
सायकल, खाकी पिशवी, चढणीचं गाव.
पिशवीच्या तळाशी एक लांब पाकीट:
त्याच्याच बदलीचा हुकूम.
लेखकाने हे दुसऱ्या पानावरच सांगून टाकलंय,
आपल्याला. त्याला नाही.

सहाव्या पानावर तो कुणाच्या अंगणातलं
आंब्याचं रोप पाहून म्हणतो,
"ह्याला मोहर धरू दे, पहिली कैरी माझी."

तस्कीन थांबली.
"मिस, हा किती साधं बोलतोय.
पण मला ते साधं ऐकूच येत नाहीये."

याला एक भारदस्त नाव आहे, नाट्यात्म उपरोध.
मी सांगितलं, तिने वहीत लिहिलंही नाही.
पेन्सिल घेऊन सुटली पानांमागून पानं,
"ही एक ओळ. ही पण! मिस, ही बघा,
सायकलला नवीन टायर घालतोय!"
खुर्चीत गुडघे घेऊन हसली,
"पाकीट स्वतःच्याच पाठीवर, आणि फिरतोय वेडा."

मला हसू फुटेना.
मंगळवारी रात्री मुनाफभाई येऊन गेले होते.
सतरा वर्षं स्कॅफोल्डिंगच्या कंपनीत हिशेब लिहिला,
आता कंपनीनेच ह्यांचा हिशेब केला.
महिनाअखेर व्हिसा रद्द.
मग बाणकोटच्या खाडीवरचं गाव.
"सहामाही होईपर्यंत पोरीला कळू देऊ नका."
चहात साखर घातलीच नव्हती,
तरी ढवळत होते.

"हिवाळ्यात आपण बाल्कनीत बसून वाचू या ना, मिस?"
तस्कीन म्हणाली,
आणि माझ्या हातात पेन्सिल नसतानाही
त्या वाक्याखाली रेघ उमटली.
"वाचू की," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?
लेखकाला गप्प राहणं सोपं असतं,
त्याच्यासमोर पात्र असं
बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत बसलेलं नसतं.

निघताना मी पुस्तक पुढे केलं. घरी ने, संपव.
"नको, ठेवा तुमच्याकडेच.
सामान मोजून न्यायचंय.
अब्बांनी वजनकाटा आणलाय,
पलंगाखाली लपवलाय, चपलांच्या खोक्यात."
चपलेचा पट्टा लावता लावता, वर न बघता:
"मला माहितीये हे त्यांना सांगू नका हां, मिस.
सहामाही होईपर्यंत."

अख्खी सकाळ मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.
ते हसणं. तो टायर.
बाल्कनीतला हिवाळा तर
तिने माझ्यासाठीच ठेवला होता, मला बरं वाटावं म्हणून.

खाली मुनाफभाई गाडीला टेकून उभे.
जुम्म्याची टोपी खिशातून अर्धी बाहेर.
हळूच विचारलं, "काही कळलं तर नाही ना तिला?"

"नाही."

"बरं झालं. तेवढे दिवस तरी
हसू दे बिचारीला."

मागच्या सीटवर तस्कीन पट्टा लावत होती.
काचेतून माझ्याकडे बघितलं,
आणि अब्बांच्या पाठीमागे,
त्यांच्या त्या वाक्याखाली,
बोटाने काचेवर एक आडवी रेघ ओढली.