तीन इंची की चार

हिद्दच्या गोदीत रात्रपाळी सुटली
तेव्हा इथे साडेसहा, तिकडे नऊ.
दहाला मोजणी.
बसमध्ये बूट काढायचे नसतात, मी काढले.
बाहेर धूळ उठलेली. समुद्र आहे की नाही
ते फक्त वासावरून कळत होतं.

गेल्या नोव्हेंबरात इथेही निवडणूक झाली, बलदियाची.
ओव्हरटाइम म्हणून मी खांबांना फलक बांधले,
दोन दिवस, तारेला पीळ घालून.
पांढऱ्या घुत्र्यातली हसरी माणसं,
नावं उजवीकडून डावीकडे.
कोण जिंकलं ते विचारायचं राहूनच गेलं.
फलक गेले, गाठी अजून आहेत
मुहर्रकच्या वाटेवर.

आमची नगरपंचायत सतरा प्रभागांची.
बावीस वर्षं खुर्ची परकारांच्या घरात,
आधी सरपंचाची, मग नगराध्यक्षाची, लाकूड तेच.
यंदा सहा नंबर बायकांना राखीव निघाला
आणि वैजयंता उभी राहिली.
मला विचारलं नाही. सांगितलं.
मशीनवर नाव: वैजयंता शांताराम खडपे.
मी तिच्या नावाच्या मधोमध बसलेलो,
एरवी कुठेच नाही.
बाकीच्या उमेदवारांचे नवरे रिक्षात पुढे बसून
हात जोडत फिरले, म्हणे.
हिच्या रिक्षात पुढे हीच,
आणि काचेवर चिन्ह शिवणयंत्र,
जे तिने आजवर पायानेच चालवलं.

खोलीत पाच जण, एक फ्रीज, एक शेगडी.
स्वयंपाकाची पाळी नजीर परकारची.
नगराध्यक्ष त्याचा सख्खा चुलता.
तो कांदा चिरत होता, आणि त्याचाही फोन
तांदळाच्या डब्याला टेकून उभा.
दोन्ही फोनांवर एकच मोजणी,
माझी दोन सेकंद मागे.
त्यामुळे प्रत्येक निकाल मला आधी
त्याच्या पाठीवरून कळे.

सहा नंबरला सुरी थांबली.
सत्तावीस मतं.
मग माझ्या फोनवरही गुलाल.

अकरा त्यांच्याकडे गेला, बारा आमच्याकडे,
असं करत आठ-आठ.
सोळात समसमान. तीनशे अकरा, तीनशे अकरा.
स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या,
आणि तिसरीतली एक पोरगी, वेणीला लाल रिबीन,
डोळे मिटायचं विसरली, म्हणून पुन्हा.
नजीर म्हणाला, ही आपल्या मुश्ताकची धाकटी ना?
मी म्हटलं, छे, पेडणेकर मास्तरांची नात.
आम्ही तिच्यावरून भांडत होतो
तेवढ्यात सत्ता गेली.

फटाक्यांचा आवाज फोनमध्ये
कागद फाटल्यासारखा येतो.
नजीरने चुलत्याला फोन लावला. कोणी उचलला नाही.
पुन्हा लावला. मग गॅस बारीक केला.
जेवताना शेरीचं मुंडकं माझ्या ताटात टाकलं.
"खा, नगरसेविकेच्या घोवा."
मीठ जास्त झालं होतं.
मी बोललो नाही.

संध्याकाळी पाळीला निघताना तिचा फोन.
आवाज पार बसलेला. कानात गुलाल गेलाय, म्हणाली.
मला वाटलं आता विचारेल, पैसे कधी,
किंवा, येणार कधी.
अकरा वर्षांत फोनवर हेच तर दोन प्रश्न.
ती म्हणाली,
वरच्या खारवाडीला पाण्याचा पाईप टाकायचाय.
तीन इंची की चार?

मी पाईपफिटर. परक्या जहाजांच्या पोटात
इतके पाईप जोडले की
झोपेतही बोटं आटे मोजतात.
आमच्याच वाडीचं मात्र मला
कोणी कधी विचारलं नव्हतं.
चढ किती, मी म्हटलं, घरं किती, टाकी कुठे.
तिला सगळं पाठ होतं.
त्या चढावर मी हंडा कधी उचलला नव्हता.

चार, म्हटलं.
खाली बस हॉर्न देत होती.
आणि चावी टाकीपाशी बसव, कुणाच्या दारात नको.
ज्याच्या दारात चावी, त्याच्यापुढे सगळे वाकून.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
"लिहून घेते," म्हणाली,
आणि माझ्याआधी फोन ठेवला.