सात नंबर

शनिवार-रविवार, चार ते सहा,
पारसिकच्या डोंगरावर मी लोकांना वारा दाखवते.
तिकीट तीस रुपये, लहान मुलांना पंधरा.
टोप्या सांभाळा, आणि खांबांना कुणी टेकू नका.

एकूण अकरा पंखे. उंची रस्त्यावरच्या दिव्याएवढी.
साताऱ्याकडच्या पवनचक्क्या पाहून आलेला एखादा असतोच गटात,
तो पहिल्या वळणावरच म्हणतो, "एवढुसे?"
हो, म्हणते मी, एवढुसेच.
या अकरांवर पायवाटेचे दिवे लागतात,
फाटकावरची पाटी उजळते, आणि उरलंच काही
तर वॉचमन सुर्वे मोबाइल चार्ज करतात.

प्रश्न ठरलेले.
पक्षी मरतात का? एकदा, एक पाकोळी. मी लपवत नाही.
वीज पडली तर?
बाथरूम कुठे?
सीवूड्सचे एक गृहस्थ मनगटावर पावलं मोजत येतात,
दहा हजार झाली की जिथे असतील तिथून परत.
शेवटचे तीन पंखे त्यांनी अजून पाहिलेले नाहीत.

फोटो मात्र सगळे सात नंबरपाशी काढतात.
पायवाट तिथे कड्याला वळसा घालून पूर्वेला उतरते,
कान एकदम रिकामे होतात,
आणि तो उभा असतो, तिन्ही पाती जागच्या जागी.
फोटोत हलत नाही, म्हणून लाडका.
"हा बंद आहे," मी म्हणायचे.
रजिस्टरात दोन वर्षं तेच लिहिलं. सात: बंद.
दोनदा माणूस आला, ग्रीस लावून गेला,
दोन्ही वेळा माझी सही घेऊन गेला.

मग मार्गशीर्षात दिवाळे गावचे जोमाकाका आले,
नातवाच्या शाळेच्या सहलीबरोबर,
नवी चप्पल चावते म्हणून ती हातात.
माझं सगळं ऐकून घेतलं, ताशी किती, युनिट किती.
सात नंबरपाशी उकिडवे बसले,
बोट ओलं करून वर धरलं, आणि हसले.
"यो बंद नाय गो पोरी. यो आडोशाला हाय.
तू येतंस खाऱ्या वाऱ्याच्या टायमाला.
याला मतलय लागतो. पाटंचं ये."

मतलई. भूगोलात होता हा शब्द,
दोन मार्कांना, बाण काढून दाखवा.
मी बाण बरोबर काढला होता.

सुर्वेंनी कुरकुरत फाटक उघडलं. साडेचार.
खाली महामार्गाचे दिवे,
समोर खारघरच्या डोंगराची काळी पाठ,
जोमाकाका पुढे, बॅटरी न लावता.
वारा आला तो तोंडावर नाही, घोट्यांवर आला,
जमिनीलगत, गार,
ओल्या गवताचा आणि पलीकडच्या कारखान्याचा वास घेऊन.
"पयला भाताचा यायचा," काका म्हणाले.
"याच्यावरच होड्या भायेर काढायचो. शिडावर. इंजिन कुठं व्हतं?"
मग बराच वेळ काही नाही.
मग कर्र, झोपेत कुणी दात खावेत तसं,
आणि सात नंबर फिरायला लागला.

मी फेरे मोजत होते. मग सोडून दिलं.
पश्चिमेकडचे दहा गप्प.
पायवाटेवर चिटपाखरू नाही, आणि दिवे सगळे लागलेले.
या वेळी ते कुणाच्या जोरावर लागतात,
दोन वर्षांत मला विचारायचं सुचलं नव्हतं.

उजाडलं तशी पाती मंदावली.
काकांनी चप्पल घातली,
नातवाचा डबा करायचा होता त्यांना.

रजिस्टरात दिशेच्या रकान्यात मी आता 'मतलई' लिहिते.
सुर्वे पहाटे पेन्सिलीने खूण करून ठेवतात, त्यावरून.
ऑफिसातून फोन आला, अंशांत लिहा.
अंशही लिहिते. शेजारी, बारीक अक्षरात.

या शनिवारी ऐरोलीचं एक नवं जोडपं आलं,
सात नंबरला टेकलं, मोबाइल लांब धरला.
"बिघडलाय का हा?" तिने विचारलं.
नाही, म्हटलं,
हळू बोला जरा.
रात्रपाळी करून आलाय.